बाबांचं वायरिंग

आमच्या सासऱ्यांना एक वेळ नावं ठेवलेली चालतील, त्यांच्या वायरिंगला नाही. होळी गावातलं आमचं घर बांधलं तेव्हा नरहरीबाबा कारखान्यात फिटर होते. भिंतीतली तार न् तार त्यांनी स्वतः ओढलेली. फ्रिजला हात लावला की बोटं झिणझिणायची, पण दोष हवेला. "दमट हवा आहे, दिशा. चप्पल घाल." म्हणून फ्रिजसमोर रबरी चपला कायमच्या. माहेरचे हसायचे आणि मी आतल्या आत जळायचे. पुढे मलाही सवय झाली, हे त्याहून वाईट.

गौरीपूजनाच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याने, देवेशने, इलेक्ट्रिक ओव्हन आणला. मी म्हटलं, शेजारच्या आळीतल्या क्लेमेंट वायरमनला बोलावूया.

"माझ्या घरात वायरमन? मी मेलोय का?"

"सणासुदीला काहीतरीच बोलता," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुटपुटल्या.

बाबांनी विहिरीवरच्या पंपाची जाड तार स्वयंपाकघरात आणली आणि ओव्हनची अर्थची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत सोडणारी, तार फ्रिजच्या अर्थला बांधली. ओव्हनचा दिवा लागला. बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं.

दुसऱ्या दिवशी आईंना गौरीसाठी नानकटाई करायची होती. नैवेद्याच्या दिवशी स्वयंपाकघरात चप्पल नाही, हा त्यांचा नेम. फ्रिजसमोरच्या चपलाही पडवीत गेल्या. फरशी नुकती धुतलेली, आईंचे पाय ओले. मी ओव्हन चालू केला आणि ताट सरकवताना हाताची मागची बाजू त्याला घासली. झिणझिण नव्हे, सणसणीत झटका बसला.

"आई, थांबा. ओव्हनला करंट येतोय."

"फ्रिजला येतो तसाच ना," असं म्हणत आई ट्रे घेऊन पुढे आल्याच. करंट म्हणजे आमच्या घरातला पाहुणा झाला होता. मी ओव्हनसमोर आडवी उभी राहिले.

बाहेरून बाबा तरातरा आले, अनवाणीच. "माझ्या जोडणीला करंट? सरक बाजूला."

मी सरकले नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून ओव्हनची कड धरली, आणि हात सुटेना. तोंडातून शब्द फुटेना. मी खालून निसटले आणि मेन स्विचपर्यंत कशी पोचले, देव जाणे. स्विच पाडला तसे बाबा भिंतीला धरून खाली बसले. आईंच्या हातातला ट्रे पडला. मला त्या माणसाचा इतका राग आला होता आणि इतकं रडू येत होतं, की दोन्ही एकदम झालं.

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, धोका नाही म्हणाले. घरी आल्यावर बाबा आधी मागे जाऊन अर्थिंगचा खड्डा बघून आले. मग हळूच म्हणाले, "अर्थिंगचा खड्डा मोरीच्या पाण्यावर ओला राहायचा. यंदा फरशा घातल्या तेव्हा ते पाणी आपण गटारात सोडलं. खड्डा सुकला. फ्रिजचा करंट जमिनीत जाईना, तो मी बांधलेल्या तारेतून ओव्हनमध्ये शिरला."

क्लेमेंट आला. नवा अर्थिंगचा खड्डा, मीटरपासून ओव्हनला वेगळी लाइन, करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, सगळं त्याने समजावलं. मग बाबांच्या मानासाठी असेल, म्हणाला, "काका, पुढच्या खोल्यांचं जुनं वायरिंग राहू दे का? तिथे फक्त दिवे-पंखे आहेत."

बाबांनी आईंकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या जागी हिचा हात असता रे," ते म्हणाले. "सगळं काढ."