दुहेरी तळाची सपात

काल जुनी पेटी उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. तळाशी वर्तमानपत्राच्या कागदांवर पेन्सिलीने काढलेले पाय निघाले, घरातल्या प्रत्येकाचे.

माझ्या सासूबाई इतवारीच्या बाजारातून लोकर आणून दर हिवाळ्यात सगळ्यांसाठी सपाता विणायच्या. माप असं कागदावर घ्यायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्यांनी मलाही कागदावर उभं केलं आणि स्वतः खाली बसून माझा पाय धरला. सासूने सुनेच्या पायाला हात लावावा, याने मी कानकोंडी झाले.

"हलू नको वं. किती थंडे पाय आहेत तुझे!" त्या म्हणाल्या.

सपाता निघाल्या भडक नारिंगी. मला त्या गावंढळ वाटल्या. महिनाभर कपाटात पडून राहिल्या, मग त्यांतल्या एकीने मी स्कूटर पुसायला लागले. एका सकाळी अंगणात सासूबाईंनी ते पाहिलं. मी ती सपात पाठीमागे लपवली.

"रंग नाही आवडला वाटते तुले," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली पाहिजे तो सांगजो."

मी हो म्हटलं, मान वर न करता.

काल माझा कागद हाती आला. इतरांच्या कागदांवर नुसती नावं आहेत. माझ्या नावाखाली त्यांच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: "पाय थंडे राहतात. तळ दुहेरी विणणे."

म्हणून ती सपात इतकी जाड होती. आणि मी तेव्हा खूश होते, की पाणी काय छान टिपते.