बोलिव्हियाला चौथा गडी

सहलीला जाऊन आलेल्यांकडे फोटो साठतात आणि नुसतं ठरवत बसलेल्यांकडे किस्से. आमच्या चौकडीकडे ते इतके साठलेत की विमानात त्यांचंच एक्स्ट्रा लगेज भरावं लागेल.

चौकडी म्हणजे कार्ल्याच्या फाट्यावर कणसं भाजणाऱ्या शकूमावशी, तीस वर्षं जीपमधून पर्यटकांना पॉइंट दाखवणारे आणि मध्ये मावशींच्या टपरीवर थांबवणारे दत्ताभाऊ, घोरावाडी स्टेशनावर तिकिटं देऊन रिटायर झालेले भीमराव सर आणि कुरवंड्यात दोन खोल्यांचा होमस्टे चालवणारी मी. सगळं जग आमच्याकडे फिरायला येतं. आम्ही मात्र कुठेच गेलेलो नाही.

*

सुरुवात मावशींनी केली. एका गिऱ्हाइकाने कणीस खाता खाता त्यांना मोबाइलवर बोलिव्हियातलं मिठाचं मैदान दाखवलं. पाऊस पडला की त्यावर पातळ पाणी साचतं आणि अख्खं आभाळ खाली उतरल्यासारखं दिसतं. बघता बघता मावशींचं निखाऱ्यावरचं कणीस करपलं.

"मेल्यावर स्वर्ग दिसंल का न्हाई कुणाला ठावं," त्या म्हणाल्या, "ह्ये मातर जित्तेपणी बघायचंय मला."

मावशींनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आम्ही तिघांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. बोलिव्हिया नेमका कुठे आहे, ते नंतर शोधलं.

*

स्वस्त विमानाचं काम सरांकडे दिलं. एजंट म्हणाला, "सगळ्यात स्वस्त तिकिटात मध्ये अकरा तास थांबावं लागेल."

सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अकरा तास साइडिंगला? एवढ्या कुठल्या एक्स्प्रेस पुढे काढणार आहात?"

एजंटने परोपरीने समजावलं की विमानात तसं काही नसतं. सरांना पटलं नाही. आयुष्यभर त्यांनी लोकल बाजूला उभी राहिलेली पाहिलीय. ते उठता उठता म्हणाले, "तुम्हाला वरून कळवत नसतील."

*

हॉटेल माझ्याकडे. माझ्या होमस्टेला फोन करून 'फायनल किती?' विचारणाऱ्या लोकांचा मला मनस्वी राग आहे. तरी तिथल्या गेस्टहाउसच्या बाईंना मी मेसेजवर पहिला प्रश्न तोच विचारला. मग गरम पाणी चोवीस तास आहे का, चौघांत एकच खोली घेतली तर खाली गादी टाकाल का, चहा-नाश्ता धरून का, आणि पुढच्या वेळी दहा जणांना घेऊन येऊ, तर आत्ता काही कमी करा.

बाईंचं उत्तर आलं, "तुमचं स्वतःचं हॉटेल कुठे आहे?"

*

बाहेर खायचा खर्च नको म्हणून मावशींनी शिधा काढला. भाकरीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि किलोभर मीठ.

मी म्हटलं, "मावशी, आपण मिठाच्या मैदानावर चाललोय. क्षितिजापर्यंत मीठच आहे तिकडे."

"आसंल की," मावशी पिशवीला गाठ मारत म्हणाल्या. "तिथलं आपल्याला मानवलं न्हाई म्हंजी?"

*

सगळं अडलं ते दत्ताभाऊंवर. मैदान बघायला जीप करावी लागते आणि भाडं अख्ख्या जीपचं असतं. चौघांत वाटलं तरच ते मावशींना झेपणार होतं. आणि दत्ताभाऊ तीस वर्षांत दुसऱ्याच्या गाडीत बसलेले नाहीत.

म्हणून आम्ही सराव ठेवला. त्यांचा पुतण्या गाडी चालवणार आणि दत्ताभाऊ पर्यटक म्हणून मागे बसणार. पहिल्याच वळणावर ते पायाने मॅटवर ब्रेक दाबायला लागले. दुसऱ्या वळणावर खिडकीतून हात काढून मागच्या गाडीला साइड दिली. तिसऱ्यानंतर त्यांनी पुतण्याला, "दुसरा टाक, दुसरा," असं इतक्या वेळा सांगितलं की त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि गुपचूप मागे येऊन बसला.

परत आल्यावर दत्ताभाऊ मान खाली घालून म्हणाले, "मला न्हाई जमायचं. तुमी तिघं जावा."

मावशी निखारे फुंकत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. दत्ताभाऊंचा रागही आला, तो मी बोलून दाखवला.

*

शेवटचा उपाय म्हणून सरांनी तिथल्या जीपवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. त्याची भाषा स्पॅनिश. सरांच्या दुसऱ्या मोबाइलमधली बाई त्याचं मराठी करून सांगत होती आणि आमचं स्पॅनिश. पडद्यावर टोपी घातलेला, मिशीवाला, पन्नाशीचा माणूस आला. मागे त्याची गाडी दिसत होती.

सगळे मावशींच्या टपरीवर दाटीवाटीने बसलो होतो. दत्ताभाऊंनी मोबाइल हातात घेतला आणि पोलीस चौकशीला बसल्यासारखं सुरू केलं. गाडी कुठल्या सालची? टायर कधी बदलले? पावसात फोर-व्हील टाकतो का? त्याने सगळ्याची सरळ उत्तरं दिली. दत्ताभाऊंचा चेहरा काही हलेना.

मग ते जरा पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "समजा गिऱ्हाइकाला पॉइंटवर नेलं आन् ढग आलं. कायबी दिसंना. तवा काय सांगतुस?"

बाईने स्पॅनिशमध्ये विचारलं. तो माणूस गालातल्या गालात हसला. एकदा मागे वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना. मग बोलला. बाईने मराठीत सांगितलं:

"मी म्हणतो, पाच मिनिटं थांबा, आत्ता उघडेल. आणि तोपर्यंत त्यांना माझ्या मेव्हणीच्या टपरीवर खायला नेतो."

मावशींनी पदर तोंडाला लावला. सर दुसरीकडे बघायला लागले.

दत्ताभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"सर, इचारा त्याला," ते म्हणाले, "खिडकीची शीट कंच्या बाजूची चांगली?"