कुंपणातला झुबका

माळ्याचं उभं आयुष्य त्या जुन्या बागेत गेलं होतं. आता सरकारने बाग ठेकेदाराच्या हवाली केली. माळ्याने एक तर कचेरीत फायली पोचवायच्या, नाहीतर ठेकेदाराचा माणूस होऊन इथेच राहायचं. उत्तर आज द्यायचं होतं.

"झाडांना काय कळतंय, पगार कोण देतो ते?" सकाळी बायको म्हणाली होती. "आणि कचेरीत बसवलं तर तुम्ही साहेबाच्या खुर्चीला पाणी घालाल."

बागेत ठेकेदाराचा मुकादम वाटच बघत होता. "मामा, उद्या पाहुणे येणार. झुडपांचं कुंपण एका रेषेत छाटून टाका."

कुंपणात बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं उडेपर्यंत तिथे कात्री लावायची नाही, हा या बागेतल्या माळ्यांचा रिवाज. माळ्याने वाद घातला नाही, तेवढं त्राणही उरलं नव्हतं. त्याने अलीकडच्या बाजूचं सगळं कुंपण छाटलं आणि घरट्याभोवतीचा झुबका तसाच ठेवला.

"हे काय? न्हावी अर्ध्यातच उठून गेल्यासारखं दिसतंय!"

"मी इथे राहिलो तर हे असंच दिसणार," माळी म्हणाला. "नको असेल तर आत्ताच सांगा, मी कचेरीत जातो."

मुकादमाने कपाळ चोळलं. "आणि वरून विचारलं तर?"

"सांगा, म्हाताऱ्याला नीट दिसत नाही."

मुकादम थकल्यासारखा हसला आणि त्याने पिशवीतून ठेकेदाराच्या नावाचा सदरा काढून दिला. माळ्याने तो तिथेच अंगात चढवला. खांदे बरेच ढगळ होते. बाह्या दुमडून तो पलीकडची बाजू छाटायला वळला.