हिवाळ्यातला फोटो, भादव्यातलं पाणी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी बालाघाटला मत्स्य विभागात निरीक्षक होतो. उपग्रहाच्या फोटोवरून तलावाचं पाणी कसं ओळखायचं, याचं प्रशिक्षण घेतलेला जिल्ह्यात मी एकटाच. स्वच्छ पाणी काळंभोर दिसतं, गढूळ फिकट. एवढ्या विद्येवर माझी ऐट चालायची.

त्या भादव्यात खैरलांजीकडच्या एका तलावात मासोळीचं बीज, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडायचं होतं. आठवडाभर आभाळ भरलेलं, वारा पडलेला, पाण्यावर हिरवी साय. तिथल्या ढिवर मासेमारांच्या सोसायटीचा कारभार एक म्हातारी बघायची. तिनं ओंजळभर पाणी नाकाशी नेलं.

"साहेब, पानी वास मारून राह्यलं. ऊन पडू द्या, मंग टाका बीज."

सोबत आलेले माझे अधिकारी माझ्याकडे वळले. "फोटो क्या कहता है?"

फोटोत तलाव काळाभोर होता. पण कडेला तारीख छापलेली होती, ऐन हिवाळ्यातली. ती मी वाचली होती. जीपमध्ये बीजाच्या पिशव्या तापत होत्या, साहेबांना घाई होती, आणि मला मिरवायचं होतं.

"पानी अच्छा है, सर," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. बसनं खैरलांजीपर्यंत आणि पुढे सायकलनं तलावावर पोचलो, तर सगळा काठ पांढरा झालेला. नुसतं आमचं बीज नव्हे, त्यांनी तीन वर्षं वाढवलेले रोहू-कतलाही पोट वर करून तरंगत होते. प्राणवायू आधीच संपत आलेल्या पाण्यात आम्ही हजारो पिल्लांची भर घातली होती. बाया टोपल्यांनी मेलेली मासोळी उपसत होत्या.

"मावशी, फोटो जुना होता," मी म्हातारीला म्हणालो. "मले माहीत होतं."

"मंग तवाच बोलला काहून नाही?"

ती टोपली घेऊन पुन्हा पाण्यात गेली. मीही पँट दुमडून उतरलो. कोणी अडवलं नाही. दुपारपर्यंत आम्ही खड्ड्यात मासे पुरत होतो.

अहवालात मी फोटोची तारीख लिहिली आणि माझं उत्तरही. साहेब म्हणाले, "ये लाइन काट दो, दोनों बच जाएँगे." मी खोडली नाही. दोन महिन्यांत लांब परसवाड्याला बदली झाली. घरचे त्या अहवालाला प्रामाणिकपणा म्हणत. मी उठून बाहेर जायचो.

पुढच्या वर्षी त्या सोसायटीनं सरकारी बीज नाकारल्याचं कळलं. म्हातारीला भेटून यावं असं कितीदा मनात आलं, पण त्या रस्त्याला माझी पावलं कधी वळली नाहीत.