फक्त पहिला शब्द

धानाची मळणी आटोपली की आमच्या आरमोरीकडे नाटकांचे दिवस सुरू होतात. मी कित्येक वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत आईची कामं करते. पण गेल्या पावसाळ्यात टायफॉइडने मला झोपवलं आणि उठले तेव्हा पाठांतर पार गेलं होतं. कंपनीचे मालक भले गृहस्थ, तरी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, रंगीत तालमीत अटकल्या तर काम दुसरीले द्यावं लागन." मी चांगलीच टरकले. स्टेजवर जायचं नसेल तर मी दिवसभर करू काय, हेच मला उमजेना.

घरी तालमीला आमचे हे बसायचे. नाटकातल्या मुलाचे संवाद वाचायचे ते बाजारभाव वाचल्यासारखे, आणि मी जरा अडखळले की माझं अख्खं वाक्य बोलून मोकळे! अशानं कधी पाठ होतं का? शेवटी आमचं वाजलंच.

मग भाचीने मला फोनमधल्या एआयशी बोलायला शिकवलं. मी संवाद म्हटला की तो दर वेळी "वा, फारच सुंदर!" म्हणायचा. हा गोडबोल्या माझ्या काय कामाचा? भाची म्हणाली, "मावशी, त्याले नीट सांगून तर पाह्य. कायमच्या सूचना लिहून ठेवता येतात."

नाटकाच्या पानांचे फोटो त्याला दिले आणि सूचना लिहिल्या. तू मुलगा हो, फक्त त्याचेच संवाद बोल, कौतुक करू नको. मी अडले तर पहिला शब्द तेवढा दे, पुढचं मला आठवू दे. एवढं सांगितल्यावर गडी सुधारला. फक्त एका जागी ऐकेना. मुलगा घर सोडतो म्हणतो आणि आई नुसती बघत राहते, तिथे मी अडले असं समजून हा हमखास तोंड घालायचा. त्यावर भाचीने तेवढ्यापुरता माईक बंद करायचं बटण दाखवलं.

मी घरात फोनशी बोलत असायची आणि हे अंगणात धान पाखडत कुरकुरायचे, "त्या फोनचं बरं हाय. त्याच्यावर तू रागावत नाई."

रंगीत तालीम निभावली, काम माझंच राहिलं. पहिल्या प्रयोगाला हेही सोबत आले. मुलगा घर सोडतो म्हणाला, मी गप्प झाले, सारा मंडप गप्प झाला. आणि पुढचं काही केल्या आठवेना! लोकांना तो अभिनय वाटत होता.

तेवढ्यात विंगेतून हळूच आवाज आला, "भाकर..."

"भाकर खाऊन जा, बाळा," मी म्हणाले आणि पुढचं सगळं आपसूक येत गेलं. समोरच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

अंक संपल्यावर विंगेत आले तर हे उभे. अंगणात बसून त्यांचंही नाटक पाठ झालं होतं. मी विचारलं, "या वेळी पूर्ण वाक्य काऊन नाई सांगितलं?"

"तूच त्याले सांगत होती ना, पहिलाच शब्द दे म्हणून," ते म्हणाले. "मी बी आयकून राह्यलो होतो."