लांब फेकलेल्या चपला

श्रावस्तीने रंगवलेल्या चित्रात तिची आई कौसल्या खुर्चीत बसली होती. तळवे मांडीवर उघडे, नजर खिडकीबाहेर. चपला खुर्चीपासून लांब, त्यातली एक उताणी. खालच्या पाटीवर चित्राचं नाव: 'प्रतीक्षा'.

नोएडाच्या चित्रप्रदर्शनात आईला आणताना श्रावस्ती धास्तावली होती. या बाईने जन्मात कुणाला आपली कीव करू दिली नव्हती. भंडाऱ्याहून एकटी दिल्लीला आली, सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागली, सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाली. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये सासूचं आजारपण, मुलांचे डबे, घरी आणलेल्या फायली. सगळं उभ्या उभ्या. तिला नुसतं बसलेलं श्रावस्तीने निवृत्तीनंतरच्या एका दुपारी पाहिलं, आणि तिला वाटलं, आई कुणाची तरी वाट बघतेय. तीच दुपार तिने रंगवली.

चित्रापुढे एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "खाली हाथ देखो. अकेलापन. और चप्पल, यानी जो छोड़कर चले गए."

"कोण गेलं गं?" कौसल्याने विचारलं.

"आई, हळू! ते सिम्बॉलिझम सांगतायत."

"त्यांना सांगू दे. पण तूसुद्धा मला बिचारी केलीस?"

"तू सॅड दिसत होतीस, यार."

"मी तुझी यार नाही. अगं, घरात माझ्या पायातली चप्पल कधी सुटली नाही. कोण कधी हाक मारेल, नेम नव्हता. त्या दिवशी मुद्दाम पाय झटकून लांब फेकल्या. म्हटलं, आता कुणीही बोलावू दे, उठायची नाही. निवांत बसले होते."

"निवांत म्हणजे... चुपचाप?"

कौसल्या हसली. "हा शब्द तुला कुठून ठाऊक असणार! घरात कधी वापरलाच नाही."

श्रावस्तीने चित्र पुन्हा पाहिलं. पायाची बोटं तिने सैल, पसरलेली रंगवली होती. हाताला कळलं होतं. चुकली होती ती नाव देताना. तिने पेन मागून घेतलं, पाटीवरचं नाव खोडलं आणि 'निवांत' लिहिलं.

"आंटीजी, इधर आइए, फोटो!" आयोजकांनी हाक मारली.

कौसल्या तोवर बाकावर टेकली होती. तिने चपला काढल्या, पायाने दूर सारल्या. "आप ही यहाँ आइए."

"निवांत मतलब?" नवं नाव वाचून त्या गृहस्थांनी विचारलं.

श्रावस्तीने बाकाकडे बोट दाखवलं.