मागच्या पडवीतली गणितं

माझ्या वहिनीचा मला हेवा वाटायचा. हेवा कसला, जळायचे मी तिच्यावर. ती दिसायला चांगली होती, केस लांबसडक होते, तिच्या घावनांना सुरेख जाळी पडायची, यातलं काही मला लागलं नाही. ती दादाची गणितं सोडवायची, ते मात्र लागलं.

तीस सालाच्या पुढची गोष्ट. आम्ही रत्नागिरीत राहायचो. माझा थोरला भाऊ बी.एस्सी. होऊन घरी आला होता आणि पुण्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळायची वाट बघत होता. हाताला काम नव्हतं, म्हणून मला शिकवायला बसायचा. मी मॅट्रिक झाले होते आणि पुढे सायन्सला जायचं हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. घरातला बेतही तसाच होता. जागा मिळाली की दादा पुण्यात बिऱ्हाड करणार, मी त्याच्याबरोबर जाऊन कॉलेजात नाव घालणार, आणि वहिनी आईजवळ राहणार. आईला दमा होता, तिच्या हाताखाली एक धडधाकट बाई हवीच होती. नवी सून सासूजवळ राहते यात तेव्हा कुणाला वावगं वाटत नसे. मला तर मुळीच वाटलं नाही.

आमच्या घरात वीज आलेली नव्हती. कंदिलाच्या काचा पुसून झाल्या की मी विजेचे भार शिकायला बसायचे, याचं वडिलांना फार हसू यायचं. दादा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बिया मांडायचा. काजूची बी म्हणजे धन भार, चिंचोका म्हणजे ऋण. सारखे भार एकमेकांना ढकलतात, विरुद्ध भार ओढतात. अंतर दुप्पट केलं की जोर चौथा हिस्सा उरतो, तिप्पट केलं की नववा. मध्ये दोरी नाही, दांडा नाही, एकमेकांना न शिवता ही सगळी ओढाताण. मला ते आवडायचं. त्याहून जास्त आवडायचं ते हे, की एवढा शिकलेला दादा तासन्‌तास फक्त माझ्याशी बोलत बसतो. वहिनी तेव्हा आत भात उपसत असायची.

पण दर महिन्याला वहिनी बाहेरची झाली की मागच्या पडवीत चटईवर बसायची. तिला कुणी शिवायचं नाही, तिनं स्वयंपाकघरात यायचं नाही. मग तिचं सगळं काम माझ्या गळ्यात. एरवी ती राबायची आणि मी शिकायचे, तेवढे दिवस मी राबायचे आणि ती बसून असायची.

अशाच एका दिवशी मी चुलीपाशी अडकले, आणि दादाला करमेना. तो बिया घेऊन मागच्या अंगणात आला. पडवीपासून हातभर दूर बसून त्यानं चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार काजू मांडले आणि मधोमध एक चिंचोका.

"या चिंचोक्यावर एकूण जोर किती?" त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला विचारलं. "आतूनच सांग."

मी घाईघाईनं हिशेब केला. प्रत्येक काजूचा जोर सारखा, काजू चार. तराजूत वजनं टाकावीत तशी मी बेरीज केली आणि ओरडले, "एकाच्या चौपट!"

पडवीतून हळू आवाज आला, "तो हलायचाच नाही. चौघंही सारखेच ओढतायत, पण चार दिशांना."

मी हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. दादानं एक काजू उचलला. "आणि आता?"

"आता समोरचा एकटा जिंकला," वहिनी म्हणाली. "उरलेले दोघं आपसातच भांडून संपले. चिंचोका त्या एकट्याकडे जाईल, त्या एकट्याच्याच जोरानं."

पाटी नाही, वर्गमूळ नाही, काही नाही. मराठी सातवी झालेली दापोलीकडची मुलगी! दादा मोठ्यानं हसला. इतके महिने तो मला शिकवत होता, पण माझ्या उत्तरावर तो असा कधी हसला नव्हता. माझं अंग भाजून निघालं. आमटी करपली ती वेगळीच.

आधी मी मनाची समजूत घातली, की दिवसाढवळ्या नवऱ्याशी बोलायला मिळावं म्हणून ही सोंग करत्ये. आईलाही तसंच वाटलं. "बाहेरच्या बायकोशी कसल्या रे गप्पा मारतोस?" तिनं दादाला हटकलं. "गप्पा नाहीत गो आई, गणित आहे," तो म्हणाला. गणित म्हटल्यावर आईचा इलाज खुंटला. पुढच्या महिन्यापासून दादा त्या दिवसांची वाट बघू लागला. खळ्यातलं माझं शिक्षण चालू होतं, पण अवघड गणितं तो तिच्यासाठी राखून ठेवायचा. मी सायन आणि कोसायन घेऊन पाटी भरायचे, माझी उत्तरंही बरोबर यायची. ती मात्र आधी बियांकडे टक लावून बघायची, कोण कुणाला खोडतंय ते ओळखायची, आणि उरलेलं दोन ओळींत कोळशानं जमिनीवर लिहायची. तिची ही बघण्याची रीत मी उचलायला गेले. जमली नाही. जमली नाही म्हणून आणखी जळले.

मग दादाला जागा मिळाली. ओटीवर सगळे बसलो होतो आणि वडिलांनी विचारलं, "मग बिऱ्हाडाचं कसं ठरवलंस?"

"हिला नेतो," दादा दाराआडच्या वहिनीकडे मान वळवून म्हणाला. "हिचं डोकं वाया घालवणं पाप आहे. तिकडे शिकवीन, मॅट्रिकला बसवीन."

"अरे, दोघी गेल्या तर तुझ्या आईकडे बघायचं कोणी?"

"दोघी कशाला? ही आहेच की इथं," दादा म्हणाला, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी उठले. विहिरीवर गेले आणि भरलेल्या घागरी ओतून पुन्हा भरत बसले. वहिनी मागोमाग आली. "वन्सं, मी सांगू का त्यांना?" तिनं विचारलं. "काही नको," मी म्हटलं, "जा तू, हुशार आहेस ना!" ती गेली. वर्षभर मी इथे आईला काढे उकळून देत होते आणि मनानं पुण्यात होते. वहिनी टेबलाशी बसली आहे, वर विजेचा दिवा आहे, दादा समोर उभा राहून शिकवतो आहे. हे चित्र मी इतक्या वेळा बघितलं, की तिच्या लुगड्याचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

मे महिन्यात दोघं आली. वहिनी वाळली होती. आल्या दिवशीच ती आईला म्हणाली, "सासूबाई, मी बाहेरची आहे," आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. मला खिडकीतून दिसली तेव्हा ती चटईवर पाय पसरून, डोळे मिटून बसली होती.

"मॅट्रिकचं कुठवर आलं?" मी विचारलं. माझा आवाज गोड नव्हता.

"कुठलं मॅट्रिक, वन्सं? एक गणित झालं नाही वर्षात. ह्यांचे दोन विद्यार्थी जेवायला असतात, शिवाय येणारे-जाणारे. पुण्यात हे असलं काही पाळायचं नाही, असं ह्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. सुधारलेलं घर ना आमचं! मग तिसही दिवस चूल माझीच."

"आणि दादा काही म्हणत नाही?"

"म्हणतात ना. आमटी फार छान होते, म्हणतात." ती जराशी हसली. मग खिडकीकडे सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "वन्सं, मी खरी बाहेरची नाही. सांगू नका कुणाला. एखादं गणित घालता का?"

मी फोडणी टाकत होते. वर्षभर जिचा हेवा केला त्या बाईची जागा म्हणजे पुण्यातली एक चूल होती, आणि मी गेले असते तर तीच माझी झाली असती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. ओटीवर दादा वर्तमानपत्र वाचत होता. त्याचा मला असा राग आला, की हातातला डाव त्याला फेकून मारावासा वाटला.

"दोन धन भार," मी खिडकीतून म्हटलं. "एक दुसऱ्याच्या चौपट. तिसरा मध्ये कुठे ठेवला तर हलणार नाही?"

मोहरी तडतडून थांबायच्या आत ती म्हणाली, "धाकट्यापासून एक वाटा, थोरल्यापासून दोन वाटे. पुढचं घाला."

मी पुन्हा तश्शीच जळले. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पुढचं मुद्दाम अवघड घातलं.